भीमगडच्या कडेनं सायकल: मुलं, मध्यम आणि तयारीचे, तिघांना एकाच दिवशी कुठले रस्ते?

वडगावची_दोनचाकी

नमस्कार मंडळी. डिसेंबरातल्या एका रविवारी बेळगावातल्या आमच्या गल्लीतले अकरा जण सायकलीनं खानापूर-जांबोटीच्या बाजूला, भीमगड अभयारण्याच्या कडेकडेनं जायचं ठरवतोय. अडचण एवढीच की अकरा जणांची तयारी तीन प्रकारची आहे.

तीन मुलं आहेत, अकरा ते तेरा वर्षांची. त्यांच्या सायकली २४ इंची, बिनगिअरच्या. त्यांच्याबरोबर दोघी आया, साध्या लेडीज सायकलीवर, सवय गावातल्या आठ-दहा किलोमीटरची. चौघांकडे २१ गिअरच्या हायब्रीड, टायर ७०० बाय ३५. सपाटीवर चाळीस किलोमीटर सहज करतात, पण घाट कुणी केलेला नाही. उरलेले दोघं रोडबाइकवाले, टायर २८ मिलिमीटर रुंदीचे, त्यांनी शंभर किलोमीटर बऱ्याचदा केलेत.

निघायची वेळ वेगवेगळी चालेल, दुपारचं जेवण मात्र सगळ्यांचं एकत्र हवं. मुलांना आणि सायकलींना न्यायला एक छोटा हत्ती (लहान टेंपो) सांगता येईल.

विचारायचं ते असं: कुणाला कुठला रस्ता द्यावा? अभयारण्यातून सायकल नेता येते का, परवानगी लागते का? मोबाइलच्या नकाशात जांबोटीच्या बाजूनं हेम्माडग्याकडे जंगलातनं जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात, त्यावरनं हायब्रीडवाले गेले तर? आणि सायकलींची तयारी काय करून घ्यावी?

मलप्रभाकाठ

ताई, सगळ्यात आधी जेवणाचं ठिकाण खानापूर ठरवा. बहुतेक जण जांबोटी ठरवतात आणि तिथंच गणित चुकतं.

कारण उंचीत आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. कणकुंबी, म्हणजे मलप्रभेचा उगम, सुमारे ७९२ मीटरवर. खानापूर ६५० च्या आसपास. म्हणजे बेळगावहून निघून जांबोटी करून खानापुरात उतरलात तर दिवसाच्या शेवटी शंभर मीटर खालीच आलेले असता. जांबोटीत जेवून परत बेळगावला यायचं म्हटलं तर भरल्या पोटी त्याच चढत्या पुन्हा अंगावर. नदी कणकुंबीहून खानापूरकडे येते, आपणही तिच्याच दिशेनं यावं. शिवाय खानापुरात रेल्वे स्टेशन आहे, तालुक्याचं रुग्णालय आहे, सायकल दुरुस्तीची दुकानं आहेत, आणि कुणी थकलं तर हायवेवर वाहन लगेच मिळतं.

मुलं आणि दोघी आया: छोट्या हत्तीतून सायकली खानापूरला न्या आणि खानापूर ते असोगा जाऊन-येऊन करा. एका बाजूचं अंतर चार-पाच किलोमीटरच, बाजूला भातशेती, शेवटी मलप्रभेच्या काठचं रामलिंगेश्वराचं देऊळ. डिसेंबरात भाताची कापणी-मळणी चालू असते. काही ठिकाणी रस्त्यावर पेंढा पसरलेला असतो, त्यावर ब्रेक दाबला की चाक घसरतं. मुलांना आधीच सांगा, पेंढा दिसला की ब्रेक पेंढ्याच्या अलीकडेच दाबायचा, पेंढ्यावर नुसतं सरळ जायचं. रेल्वेचे रूळ ओलांडायचे असतील तिथं खाली उतरून, रुळाला काटकोनात, सायकल हातानं ढकलत. चाक तिरकं घातलं तर रुळाच्या फटीत अडकतं आणि पोरगं सरळ आडवं. असोग्याला पाणी बघून मोह होतो, पण डोहात कुणालाही उतरू देऊ नका. वरून शांत दिसलं तरी खडकात पाणी एकदम खोल होतं.

असोग्याहून लवकर परत आलात आणि मुलांच्या पायात अजून दम असला तर नंदगड-हलशीची बाजू ठेवा, पण ती छोट्या हत्तीनं. हलशी खानापूरपासून चौदा किलोमीटर आहे आणि बिनगिअरच्या सायकलीवर त्या वयाच्या मुलांना जाऊन-येऊन ते जास्तच होतं. हलशीला कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे. देवळाभोवती गावातल्या गल्लीत सायकल फिरवायची, तेवढं पुरे.

हायब्रीडवाले चौघं: बेळगाव, पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी, आणि तिथून डावीकडे खानापूर. बेळगाव ते जांबोटी ३० च्या आसपास आणि जांबोटी ते खानापूर वीसेक, मिळून पन्नास. सपाटीच्या चाळीसला हा पन्नास भारी जातो, कारण रस्ता सतत वरखाली होतो. मोठी चढती एकही नाही, लहान पुष्कळ. अशा रस्त्यावर माणूस थकतो तो गिअर उशिरा बदलल्यामुळं. चढतीच्या तोंडाशी, पायडल अजून हलकं फिरतंय तोवरच, गिअर खाली आणायचा. मध्यावर जोर लागल्यावर बदलला की चेन दातावर कडकड करते, कधी निसटून फ्रेम आणि चाकाच्या मधे अडकते. चौघांना हे घरामागच्या कुठल्याही चढावर दोन संध्याकाळ करून बघायला लावा.

कुसमळीजवळ मलप्रभा ओलांडता. म्हणजे त्याआधी उतार आणि नंतर चढ हे आलंच. जांबोटीत चहा, नाश्ता, दहा मिनिटं पाय मोकळे. जांबोटी-खानापूर रस्त्याला शंकरपेठेचा टप्पा येतो, तिथं समोरून वाळू-दगडाच्या गाड्या आल्या तर एकामागे एक व्हा, दोघं शेजारी चालवू नका.

रोडबाइकवाले दोघं: बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, परत जांबोटी, खानापूर. ३० अधिक १६ अधिक १६ अधिक २०, म्हणजे ऐंशी पार. जेवून मग हायवेनं बेळगाव २६. एकशे आठ होतात. कणकुंबीला माउलीचं देऊळ आहे, तिथंच नदीचा उगम. पाणी भरून घ्या आणि माघारी फिरा. पुढे गोव्यात उतरणाऱ्या चोर्ला घाटाकडे जायचं की नाही ते वेगळं लिहितो, कारण तिथं नियम उलटे होतात.

वाऱ्याचंही सांगून ठेवतो. थंडीत इकडे वारा बहुधा पूर्वेकडून. जाताना पाठीवर, येताना तोंडावर. जाताना वेग चांगला पडला म्हणून खूश होऊन पुढे ताणू नका.

रानवाट_खानापूर

परवानगीचं नीट समजून घ्या, कारण यात लोक फार घोळ करतात.

भीमगड अभयारण्य २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम २७ असं सांगतं की अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, पण त्यातून जाणाऱ्या सार्वजनिक हमरस्त्यावरनं जाणाऱ्याला सूट आहे. म्हणजे डांबरी सार्वजनिक रस्त्यावर सायकल चालवली तर गुन्हा नाही. त्या रस्त्यावरून उतरून बाजूच्या मातीच्या वाटेवर शंभर पावलं गेलात तरी तुम्ही परवानगीशिवाय आत शिरलेले. नकाशातल्या त्या बारीक रेषा म्हणजे वनखात्याच्या गस्तीच्या वाटा, गावकऱ्यांच्या पायवाटा, जुन्या लाकूडवाटा. त्या रेषांवर सायकल घालू नका. आतली गावं बघायची असतील, भीमगड किल्ला बघायचा असेल, तर वनखात्याच्या कचेरीत आधी अर्ज, आणि ते सांगतील त्या वेळी, त्यांच्या माणसाबरोबर.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे जी सायकलवाल्यांना लागू होते: प्राण्याला त्रास देणं आणि अभयारण्यात कचरा टाकणं, दोन्हीला मनाई. एनर्जी बारचा कागद, फुटलेली ट्यूब, केळीची सालसुद्धा पिशवीत घालून परत आणा. केळीची साल कुजेल हे खरं, पण रस्त्याकडेला खाणं मिळतं हे माकडांना एकदा कळलं की ती गाड्यांखाली यायला लागतात.

तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांचं नाव ऐकून कुणी उत्साही निघेल, म्हणून लिहितो. रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ हे १९१३ मध्ये जगासमोर आलं ते त्या गुहेतल्या नमुन्यावरून, आणि पुढं कित्येक वर्षं जगात ते फक्त तिथंच माहीत होतं. गुहेत माणसाचा वावर वाढला, बॅटरीचा उजेड पडला की वटवाघळं जागा सोडतात. सायकल सफरीत ती जागा धरूच नका.

आता वेळ. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, सहाच्या सुमाराला मावळतो. जंगलाच्या पट्ट्यात, म्हणजे जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडे आणि खानापूरहून हेम्माडग्याकडे, सायकल सकाळी आठनंतर आणि दुपारी चारच्या आत असावी. मोटारीला हे तितकं लागू नाही, सायकलीला फार लागू आहे, कारण सायकल आवाज करत नाही. गवा आणि अस्वल या दोघांनाही माणूस अचानक जवळ आलेला चालत नाही. अस्वलाची नजर कमजोर. वळणावर तुम्ही दहा पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ता नसतो आणि मग ते पळण्याऐवजी अंगावर येतं. म्हणून आंधळ्या वळणाआधी दोघंजण मोठ्यानं बोलत राहा. गाणी लावू नका, कानात काही घालू नका.

गवा रस्त्यात उभा दिसला तर जिथं आहात तिथंच थांबा, निदान पन्नास-साठ मीटर अंतर ठेवून. घंटी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, बाजूनं जागा दिसते म्हणून निघायचं नाही. सायकल आपल्या आणि त्याच्या मधे आडवी धरा आणि वाट बघा. कळप असेल तर पहिले चार गेल्यावर संपलं असं समजू नका, मागे पिल्लू आणि गाय असू शकते. एकटा दांडगा बैल असला तर आणखी मागे सरा. आपल्या तालुक्यात अधूनमधून हत्तीही येतात. हत्ती दिसला किंवा रस्त्यावर ताजी लीद, मोडलेल्या बांबूच्या फांद्या दिसल्या तर पुढं जाण्याचा विचारच सोडून माघारी फिरा आणि पहिल्या गावात सांगा.

गोचिडीबद्दल मात्र जास्त लिहितो, कारण याकडे कुणाचं लक्ष नसतं. माकडताप, ज्याला डॉक्टर केएफडी म्हणतात, तो १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. आपल्या शेजारी गोव्यातल्या सत्तरीत २०१५ पासून आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ पासून त्याचे रुग्ण सापडू लागले. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका सायकलींचा. पसरवते ती गोचिडीची पिल्लं, खसखशीच्या दाण्याएवढी. ती पाचोळ्यात असतात. रस्त्यावर चालवताना धोका कमी. धोका असतो तो सावली बघून पाचोळ्यावर बसकण मारली, झाडीत लघवीला गेलात, सायकल पाचोळ्यात आडवी टाकून परत उचलली तेव्हा. विश्रांती डांबरावर किंवा गावातल्या पारावर घ्या. मोजे पँटवर ओढा. घरी आल्यावर गुडघ्यामागं, कमरेच्या पट्ट्याखाली, बगलेत, कानामागं नीट बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्यानं कातडीला अगदी लागून धरायची आणि सरळ वर ओढायची. पिळायची नाही, चिरडायची नाही, रॉकेल किंवा जळती काडी लावायची नाही, त्यानं ती आतली घाण जखमेत सोडते. पुढच्या आठ-दहा दिवसांत एकदम जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना जंगलाकडं गेलो होतो हे आपणहून सांगा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

ग्रीसचा_हात

सायकलींच्या तयारीचं मी लिहितो. आठवडाभर आधी करा, आदल्या रात्री नको. आदल्या रात्री नवीन केबल टाकली तर ती वाटेत ताणते आणि ब्रेक सैल होतो.

हवा आधी. सत्तर किलोच्या माणसासाठी ७०० बाय ३५ ला मागे ६० आणि पुढं ५२ पीएसआय. २८ च्या टायरला मागे ८५, पुढं ७५. मुलांच्या २४ बाय १.७५ ला ३५ ते ४० भरपूर. लोक रोडबाइकला बाजूवर लिहिलेला सगळ्यात मोठा आकडा भरतात. जांबोटीच्या बाजूच्या डांबरावर जांभ्याची बारीक खडी येऊन पडलेली असते, तिथं दगडासारखा कडक टायर उड्या मारतो आणि वळणावर पकड सोडतो. उलट हवा कमी ठेवली तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चेमटते. ट्यूब काढल्यावर शेजारी शेजारी दोन छिद्रं दिसली तर कारण काटा नव्हे, कमी हवा. एकच छिद्र बुजवून पुन्हा भरलं की दोन मिनिटांत परत खाली, म्हणून दुसरं शोधाच.

ट्यूब घरूनच न्या. खानापुरातल्या दुकानात २८ इंची जुन्या सायकलींच्या, मुलांच्या सायकलींच्या ट्यूब मिळतील. पातळ व्हॉलच्या ७०० च्या ट्यूब मिळतीलच असं धरू नका. ज्यांचा व्हॉल पातळ आहे त्यांनी पितळी अडॅप्टर टोपीखाली बसवूनच ठेवा, म्हणजे मोटारसायकलच्या पंपानंही हवा भरता येते. माणशी एक ट्यूब, सहा जणांत मिळून दोन पंप, टायर उचकायच्या तीन प्लॅस्टिक पट्ट्या, चेन तोडायचं हत्यार, जोडायची एक कडी, ४-५-६ च्या ॲलन चाव्या.

आता ब्रेक. रिमवर घासणारा ब्रेक असेल तर चारही गुटके सोडवून उजेडात धरा. काळ्या रबरात चमकणारे बारीक कण रुतलेले दिसतील. ते रिमचंच ॲल्युमिनियम आहे: लाल माती पाण्याबरोबर गुटक्यात जाते, रिम खरवडते आणि सुटलेला कण रबरात अडकून पुढं कानसीसारखं काम करतो. ब्रेक दाबल्यावर खरखर येते ती यानं. दाभणाच्या किंवा सुईच्या टोकानं एकेक कण उकरून काढा, मग गुटका जाड पॉलिश पेपरवर पाच-सहा वेळा घासा, काळा पापुद्रा जाऊन नवं रबर वर येईपर्यंत. रिम ओल्या फडक्यानं पुसा. तेलाचा हात लागलेला नको. गुटक्यावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर घासत बसू नका, नवेच टाका. दोन लिव्हर मुठीत पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि हँडलच्या मधे दोन बोटं राहिली पाहिजेत. राहत नसतील तर केबलजवळचा गोल स्क्रू अर्धा-अर्धा फेरा बाहेर काढत तपासा.

मुलांच्या सायकलींना मागचा ब्रेक बहुधा ढिला असतो आणि पुढचा कुणी वापरतच नाही. दोन्ही चालू करून घ्या, आणि दोन्ही एकदम, हळूहळू दाबायची सवय आधी अंगणात लावा. सीटही बघा: टाच पायडलवर सर्वात खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. खाली ठेवलेली सीट हे मुलांचे गुडघे दुखण्याचं पहिलं कारण.

चेनला डिसेंबरात कोरडं, पातळ तेल. एका कडीला एक थेंब, दहा मिनिटं थांबून बाहेरचं सगळं पुसून टाका. घरातलं मशिनचं तेल भरपूर ओतलं तर लाल धूळ बसून चेनला वीटभट्टीचा लगदा होतो आणि गिअर उड्या मारायला लागतात.

मलप्रभाकाठ काका, एक विनंती. चोर्ल्याबद्दल लवकर लिहा. रोडबाइकवाले कणकुंबीला पोचले की पुढं उतरायचा मोह होतोच.

मलप्रभाकाठ

लिहितो. बाकी सगळीकडे माणूस आधी चढतो आणि दमल्यावर उतरतो. बेळगावकडून चोर्ल्याला गेलं की उलट. आपण आधीच पठारावर आहोत. कणकुंबीनंतर चोर्ल्यापर्यंत आणखी आठ-नऊ किलोमीटर, तेही वरखाली, आणि मग घाट थेट सत्तरीत केरीला, अंजुणे धरणाजवळ उतरतो. साधारण सातशे मीटर खाली. उतरताना कुणालाच काही वाटत नाही. परतीचा सगळा चढ पन्नास-साठ किलोमीटर झाल्यावर, ऊन तापल्यावर, खाली कोकणातल्या दमट हवेत सुरू होतो.

हिशोब करून बघा. पुढं ३४ दाती, मागे ३२ दाती चक्र असेल तर एका पायडल फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटर पुढं जाते. मिनिटाला साठ फेरे ठेवले तर वेग ताशी आठ किलोमीटर. दीड-दोन तास सलग तेवढा जोर लावता आला पाहिजे, आणि घाटात गोव्याच्या गाड्या दोन्ही बाजूंनी. रोडबाइकच्या मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला दात २५ किंवा २८ असतील तर तेवढ्याच फेऱ्यांत वेग जास्त लागतो, म्हणजे पायाला जोरही जास्त.

उतारात ब्रेकही आलेच. सतत हलका दाबून ठेवला तर रिम तापते, जुन्या पंक्चरच्या पॅचचं सोल्युशन मऊ होऊन हवा सुटते, आणि ती उतारावर पुढच्या चाकाची सुटली तर सावरता येत नाही. सरळ भागात पुढचा-मागचा आलटून पालटून, वळणाच्या आधी जोरात, वळणात सोडून. घाट उतरणाऱ्या सायकलीच्या पुढच्या चाकात पॅच मारलेली ट्यूब नको, नवीच हवी.

तुमच्या दोघांना माझा सल्ला: या खेपेला चोर्ला गावापर्यंत जा, दरीच्या काठावरनं खाली बघा आणि फिरा. तेवढ्यानं एकूण सोळा-अठरा किलोमीटर वाढतात. केरीपर्यंत उतरायचं असेल तर तो दिवस वेगळा ठेवा, जेवायला खानापूरला यायची घाई नसलेला. नाहीतर बेळगाव ते केरी एकतर्फी करून सायकली गाडीत घालून परत या, पण मग घाट केला असं म्हणू नये, घाट उतरला म्हणावं.

वेळ: साडेसहाला पुढं-मागं दिवे लावून निघा, पिरनवाडीपर्यंत उजाडतं. सव्वाआठला जांबोटी. म्हणजे रानवाट म्हणतात तसं आठनंतरच रानात शिरता. सव्वानऊ कणकुंबी, दहाच्या आत चोर्ला, साडेअकरा ते बारा परत जांबोटी, एकला खानापूर.

वडगावची_दोनचाकी

काका, रानवाट, ग्रीसदादा, फार उपयोग झाला. खानापूर पक्कं. आणखी दोन शंका. हायब्रीडवाल्यांपैकी दोघं म्हणतात, जांबोटीऐवजी खानापूर-हेम्माडगा जाऊन-येऊन करू, जंगल जास्त बघायला मिळेल. ते बरं की हे? आणि असोग्याला मुलांना पक्षी फारसे दिसणार नाहीत, त्यांना पक्ष्यांची आवड आहे. त्यांच्यासाठी वेगळा एखादा दिवस सुचवता का?

रानवाट_खानापूर

हेम्माडगा खानापूरपासून अठरा-वीस किलोमीटर, जाऊन-येऊन चाळीसच्या आत. आकड्यानं सोपं वाटतं. पण शिरोलीनंतर वस्ती विरळ, मोबाइलला रेंज भरवशाची नाही, आणि खाण्यापिण्याचं दुकान मिळेल हे धरून चालू नये. जांबोटीच्या रस्त्यावर चेन तुटली तर दहा मिनिटांत कुणीतरी येतं, इथं अर्धा तास थांबावं लागेल. पहिल्या खेपेला जांबोटीच. दुसऱ्या खेपेला हेम्माडगा, चौघं एकत्र, माणशी दोन लिटर पाणी, नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून, आणि खानापुरात एकाला सांगून ठेवायचं की दुपारी दोनपर्यंत परत आलो नाही तर बघायला या. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेला १०८. रेंज नसेल तिथून मागच्या उंचवट्यावर या, बहुधा तिथं लागते. पावसाळ्यात तर हा रस्ता धरूच नका, हालात्री नदीच्या पुलावर पाणी येतं आणि पलीकडचे पलीकडे अडकतात.

धुपदाळ_पाणथळ

मुलांच्या पक्ष्यांसाठी पश्चिमेला न जाता पूर्वेला या. घटप्रभा पक्षी अभयारण्य, गोकाक तालुका, १९७४ पासूनचं, सुमारे तीस चौरस किलोमीटर. घटप्रभेवर धुपदाळला १८९७ चा दगडी बंधारा आहे, त्यामुळं पाणी पसरट साठतं. नोव्हेंबर ते मार्च दूरदेशचे पक्षी येतात, करकोचे आणि पांढरे बलाक मुख्य. रेल्वेनं घटप्रभा स्टेशनला उतरा, बंधारा जवळच. जमीन सपाट, त्यामुळं बिनगिअरच्या सायकली आणि नवख्यांसाठी हे खानापूरपेक्षाही सोपं.

फक्त दोन गोष्टी. इकडे बाभूळ. कालव्याच्या मातीच्या कडेनं गेलात तर काटे हमखास, आणि बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून आत राहतो. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळू फिरवून काटा शोधून काढा, नाहीतर नवी ट्यूबही पाच मिनिटांत जाते. टायर आणि ट्यूबच्या मधे जुन्या ट्यूबची उभी कापलेली पट्टी घातली तर बरेच काटे तिथंच अडतात. दुसरं म्हणजे ऊस. थंडीत कारखाने चालू असतात, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस रस्त्यावर लोंबतोय. मुलांना कधीच ट्रॉलीच्या मागोमाग चालवू देऊ नका, पडलेल्या उसाच्या कांड्यावर चाक घसरतं. ट्रॉली पुढं जाऊ द्या, मग निघा. पाणथळीवर सकाळी सात ते नऊ चांगलं. दुर्बीण एक तरी हवी, आणि मुलांना भडक रंगाचे कपडे नकोत. पक्षी उडून जातील एवढं जवळ जायचं नाही. ते एकदा उठले की त्यांचा अर्धा दिवस वाया जातो.

ग्रीसचा_हात

छोट्या हत्तीत सायकली भरण्याचं राहिलं. तळाला जुनी गोणपाटं घाला. पहिली सायकल केबिनला लागून, गिअरची बाजू आतल्या भिंतीकडे न करता बाहेर. दुसरी तिला उलटी, म्हणजे हँडलजवळ मागचं चाक. प्रत्येक दोन सायकलींच्या मधे पुठ्ठा, विशेषतः पायडल दुसरीच्या स्पोकमध्ये जातं तिथं. जमलं तर आतल्या बाजूचं पायडल काढूनच ठेवा. १५ चा पाना लागतो आणि डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतं. बऱ्याच जणांनी उलटं जोर लावून आटे मारलेत. दोरी फ्रेमला बांधा, चाकाला किंवा ब्रेकच्या केबलला नको. दोरी चाकाला बांधून खड्ड्यातून गाडी गेली की चाक आऊट होतं आणि असोग्यापर्यंत रिम ब्रेकला घासत राहतं. गाडीतून उतरवल्यावर मुलांना चढवण्याआधी प्रत्येक चाक हातानं फिरवून बघा, हँडल सरळ आहे का बघा, दोन्ही ब्रेक एकदा दाबा. पाच सायकलींना दहा मिनिटं पुरतात.